चार दिवसांची पाहुणी

"उठा नको गो, मी आसंय."

काकीचं हे वाक्य कानावर पडायच्या आधी तिची दोन बोटं खांद्यावर यायची. जेवताना तुम्ही पाण्याला, मिठाला किंवा नुसता पंखा वाढवायला अर्धवट उठला असाल, तर ती मागून यायची आणि दोन बोटांनी खांदा हलकेच खाली दाबायची. पर्यटकांशी ती पुस्तकी मराठीत बोलायची, "उठू नका, मी आहे ना." आम्हा शेजाऱ्यांशी मालवणीत. बोटं मात्र सगळ्यांसाठी तीच, ओल्या खोबऱ्याचा वास असलेली.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिच्या हातचं तुम्ही शंभरदा जेवलेले असता, पण तिला जेवताना एकदाही पाहिलेलं नसतं.

तारकर्लीत आमच्या कुंपणापलीकडे तिचं घर, आणि घरामागे माडांच्या बागेत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला नोकरीत. खोल्या ती एकटीच सांभाळायची. मी तिच्याकडे कामाला होते असं म्हणता येईल. काम एकच, पाहुण्यांच्या मेसेजना इंग्रजीत उत्तरं द्यायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. माझी मालवणी अडखळत यायची. मी एक वाक्य बोलले की वाडीतल्या बायका हसायच्या आणि "मॅडम इले" म्हणायच्या. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण मी बोलणं कमी केलं. आणि कमी बोलणाऱ्या मुलीला बोलकं करणं हे प्रत्येकाला आपलं कर्तव्य वाटतं. काकीला तसं वाटलं नाही. पहिल्याच दिवशी तिने आपला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुका बोलाक नको, तर बोला नको. टाइप कर."

ती स्वयंपाकघरातून सांगायची, मी पडवीत बसून लिहायचे. एकदा कोणीतरी विचारलं, खोल्या शांत आहेत का?

"शांत खंयसून?" आतून आवाज आला. "दर्यो गाजता, माड वाजतत, कोंबो पाचाक आरवता."

मी लिहिलं, निसर्गाच्या सुरांत वसलेल्या खोल्या.

"काय लिवलंस?"

"तेच. जरा नटवून."

"नटवा नको. कोंबो लिही."

मी कोंबडा लिहिला. ते लोक आले, आणि जाताना त्यांच्या लहान मुलीने कोंबड्याबरोबर फोटो काढून घेतला. तेव्हापासून कोंबडा आमच्या प्रत्येक उत्तरात असायचा.

पावसाचे चार महिने खोल्या बंद. गणपती झाले, अधूनमधून ऊन पडायला लागलं, की काकी खोल्या उघडायची. ओलाव्याने फुगलेली दारं खांद्याने ढकलावी लागायची. गाद्या उन्हात, उशा उन्हात, पडद्यांना बुरशीचे ठिपके. पहिली चादर घालताना ती हमखास थांबायची. तळव्याने सुरकुती काढायची, मग मागे होऊन त्या पलंगाकडे बघायची.

असंच एकदा बघताना तिने विचारलं, "हे जे आमच्याकडे येतत, ते पुढल्या वर्सा खंय जातत गो?"

मी फोनमध्ये शोधलं. जे दोनदा आले नव्हते, त्यातले पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या बेटावर गेले होते. एका जोडप्याचे लक्षद्वीपचे फोटो होते. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, वाकलेले माड, माडाखाली खुर्ची आणि खुर्चीत ती बाई. बाजूला कोणाचा तरी हात, हातात ट्रे.

काकीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"दर्यो आमचोच मां ह्यो?"

"हो. हाच समुद्र. फक्त खाली."

"माडय आमचेच. मगे आमच्याकडे नाय असा काय आसा थंय?" आणि मी काही बोलायच्या आधी तिने त्या ट्रेवर बोट ठेवलं. "ह्यो हात."

जरा वेळाने उशीला अभ्रा घालताना ती म्हणाली, "माका एकदा पावणी होवचा आसा."

मला आधी ती गंमत वाटली. पाहुणी म्हणून ती मुंबईला मुलाकडे जायची की. पण तिथे ती पोचायची तीच पिशवीत नारळ, कोकमं आणि सुके बांगडे घेऊन, आणि दुसऱ्या सकाळपासून सूनबाईच्या ओट्यापाशी. धामापूरला बहिणीकडे गेली तरी तेच. खोल्या बांधल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत तिला कोणी "चहा कधी आणू?" असं विचारलेलं नव्हतं. हा आकडा तिचाच, विचारल्याबरोबर सांगितलेला. म्हणजे तिने तो मोजून ठेवलेला होता.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्या झाल्या आम्ही लक्षद्वीपचा बेत आखायला घेतला. तिच्या अटी तिने सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. चार दिवस, जास्त नको. चादर दुसऱ्याने घातलेली. चहा खोलीच्या दारात. मासे कोणी आणले, कधी साफ केले, हे तिला कळता कामा नये. आणि पाहुणे जाताना फोनवर आमच्या खोल्यांना पाचपैकी चांदण्या देतात, तशा निघताना तिलाही द्यायला मिळाल्या पाहिजेत.

"पाच देणार?"

"चार. एक राखून ठेवतलंय. माका पण लोक तसाच करतत."

सोबतीला धामापूरची बहीण. तिला समुद्राची भीती. तिने भगवतीला कौल लावला आणि देवीने उजवा दिला, म्हणजे होकार, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

त्या बेटावर जायला परवाना लागतो, आणि परवान्याला पोलिसांचा दाखला. काकी नवी साडी नेसून ठाण्यात गेली. मी कागद धरायला बरोबर. तिथला हवालदार तिच्याकडे कितीदा तरी जेवून गेलेला.

"ह्या वयात माझ्या चालीचो दाखलो?" काकी म्हणाली.

"काकी, काय लिहू सांगा. तिसऱ्यांचा सुका उत्तम, असा लिहितंय."

"ता लिव आणि शिक्को मार. पण जेवाक इलंस की माझ्या हातात उष्टी ताटली देतंस, ता पण लिव."

दाखला मिळाला. आता राहिल्या तारखा.

हंगाम नवरात्रात सुरू होतो, आणि त्याच सुमारास भातकापणी. त्याआधी गणपती. म्हणजे मोकळे दिवस सापडायचे ते गणपती आणि म्हाळ यांच्या मधले. पितृपक्षात घराघरांत आपापल्या तिथीला म्हाळ घालतात, गेलेल्यांना जेवण. काकीच्या नवऱ्याचा म्हाळ षष्ठीचा. तिने मला एवढंच सांगितलं, "तारखो तू बघ. माका आकडे सांगा नको. म्हाळाच्या आदी घराक हाड म्हणजे झाला."

मी बघितलं. आदल्या वर्षी त्या म्हाळाला मी जेवले होते. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळ्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता आणि फोटोवर तारीख होती. त्या तारखेच्या आधी पाच दिवस मोकळे राहतील अशा बेताने मी सगळं ठरवलं. रेल्वे, पुढचं विमान, खोली, परवाना. मला माझा अभिमान वाटला.

तिथी दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मलाही तसं ते माहीत होतं. गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात, हे मी लहानपणापासून बघत होते. पण म्हाळालाही तोच नियम, हे माझ्या डोक्यात आलं नाही. काकी तिथीने चालायची आणि मी तारखेने, आणि दोघींना वाटत होतं की दुसरी बघते आहे.

गणपती गेले. भटजीकाका म्हाळांच्या वेळा ठरवायला वाडीत फिरत होते. काकीच्या पडवीत टेकून त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "तुमचो षष्ठीचो. येत्या सोमवारी. अकराक येतंय."

आमची गाडी शुक्रवारची होती. सोमवारी काकी बेटावर असणार होती.

काकीने हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. भटजींना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने गप्प झाली. ते पुढच्या घरी गेले. मी आमच्या घरी पळाले.

तारखा बदलता येतात का ते आधी पाहिलं. परवान्यावर दिवस छापलेले होते, नवा परवाना मिळेपर्यंत नवरात्र उजाडलं असतं. मग मी काकीला मेसेज लिहिला. माफ कर, माझी चूक झाली, वगैरे. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. चौथ्यांदा पाठवणार, तेव्हा लक्षात आलं की काकीला आलेला प्रत्येक मेसेज मीच तिला वाचून दाखवते. हाही मलाच वाचून दाखवावा लागणार.

तेव्हा गेले. ती मागच्या दारी उशा पालथ्या घालत होती.

"काकी, मी गेल्या वर्षीची तारीख धरली. मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. तू ओरड."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आणखी दोन उशा उलटल्या. मला पहिल्यांदाच दिसलं की ती थकलेली आहे. त्या दिवसापुरती नव्हे, कितीतरी दिवसांची.

"थंय कावळे आसत काय?" तिने विचारलं. "इचार तेंका."

म्हाळाचं पान आधी कावळ्याला ठेवतात. कावळा शिवला की गेलेला माणूस जेवला. तेव्हा मी बेटावरच्या त्या लॉजला इंग्रजीत लिहिलं, आपल्याकडे कावळे आहेत का? उत्तर पाच मिनिटांत आलं. मी ते काकीला मराठीत वाचून दाखवलं.

"मॅडम, अगदी निश्चिंत या. आमच्याकडे एकही कावळा नाही. पूर्वीच्या पाहुण्यांनीही कधी तक्रार केलेली नाही."

काकी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तोंडावर पदर धरून हसली, पदर सोडून हसली, आणि हसता हसता मागच्या पायरीवर खाली बसली. हातात उशी. मी तिला बसलेली अशी पहिल्यांदाच पाहत होते.

डोळे पुसून ती म्हणाली, "चौदा वर्सा ह्येंका वेळेर जेवान घातलंय. एकदा वायच थांबतले. जिवंत आसताना तरी खंय वेळेर घराक येय होते?"

भटजींनी तोड काढली. तिथी चुकली तर म्हाळ सर्वपित्री अमावास्येला घालता येतो, शास्त्राची काही हरकत नाही. हरकत मुलाची होती. फोन मी धरला होता, त्यामुळे त्याचं बोलणं मलाही ऐकू आलं. "आई, बाबांचा म्हाळ सोडून तू फिरायला जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतले," काकी म्हणाली. "अवसेक. तू रजा बदलून घे, आणि येताना सुरणाचो कांदो हाड, हंय बरो गावना नाय."

मुलगा म्हणाला, "केवढा आणू?"

शुक्रवारी ती गेली. बॅग मुलाच्या जुन्या कॉलेजची, तिला एक चाक नसलेली. बहिणीच्या हातात भगवतीचा अंगारा. रिक्षात बसल्यावर काकी मला म्हणाली, "उशा सांजची आत घे," आणि लगेच हात हलवून, "ऱ्हवांदे. भिजले तर भिजले." मी अर्थातच आत घेतल्या.

सोमवारी दुपारी फोन आला. पलीकडे वारा होता.

"गो, ऐक. मी पान ठेवलंय. वायच भात, वायच डाळ. म्हटलं, अवसेक मोठा जेवान आसा, तवसर इतक्या तरी. कावळो खंयसून येतलो! पण एक कुर्ली इली. बारकीशी, पांढरी. बिळातसून भायर इली आणि शीत उचलून परत आत."

"खेकडा? मग?"

"मगे काय! ह्येंनी जलमभर कुर्ल्यो खाल्ल्यानी. आता कुर्लेन ह्येंचो भात खाल्ल्यान. फिटला."

ती परत आली ती रापलेली आणि बोलघेवडी. तिथल्या आमटीत तिरफळ नव्हतं. स्वयंपाक्याला तिने खोबरं कसं वाटायचं ते दाखवलं. चादर दुसऱ्याने घातली होती, पण कोपरे सुटत होते, ते तिने नीट खोचले. वाडीतल्या बायका हसून हसून दमल्या. "थंय पण रांदलंस काय गो? मगे हंयच ऱ्हवलं असतंस!" बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "माका काय ठावक? मी चार दिस खोलयेत. माका दर्यो दिसलो की पोटात ढवळता."

मी हसले नाही. मला ते लागलं. एवढा खटाटोप करून, माझी चूक पोटात घालून, मुलाचा शब्द मोडून ती गेली आणि तिथेही ओट्यापाशीच उभी राहिली, असं मला वाटत राहिलं. चांदण्या द्यायच्या वेळी मी विचारलं, "काकी, तू खरंच पाहुणी झालीस का गं?"

"चार लिही," ती म्हणाली. "कारण तिरफळ." आणि कांदा चिरायला आत गेली.

अमावास्येचा म्हाळ थाटात झाला. मुलाने सुरण आणला होता. कावळ्याने दहा मिनिटं लावली. काकी परसात उभी राहून त्याला म्हणाली, "रागावल्यात काय? या आता." मी जेवत होते. पाण्यासाठी उठायला गेले, तर खांद्यावर दोन बोटं.

तो हंगाम तिने पुरा केला. वैशाखात शेवटचे पाहुणे गेले, चादरी धुऊन झाल्या, खोल्यांना कुलपं लागली आणि आठवड्याभराने काकी गेली. फार आजारी नव्हती. डॉक्टर हृदय म्हणाले.

यंदा पाऊस सरत आला तेव्हा मेसेज यायला लागले. खोल्या मुलाने सध्या बंदच ठेवल्या आहेत. तिचा फोन माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तरं मीच देते. परवा त्या कोंबडेवाल्यांचा आला, मुलगी विचारते, आजी आहे का?

आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्ष होईपर्यंत म्हाळ घालत नाहीत. म्हणजे यंदा काकीच्या नवऱ्याला पुन्हा थांबावं लागणार होतं. षष्ठी कधी येते ते मी या खेपेला कालनिर्णयात बघून, भटजीकाकांना विचारून, दोनदा खात्री करून घेतली होती. त्या दिवशी दुपारी मी आमच्या घरातला मूठभर भात केळीच्या पानात घेतला आणि समुद्रावर गेले. कोणाला सांगितलं नाही. ओल्या वाळूच्या वरच्या बाजूला खेकड्यांची बिळं असतात, तिथे पान ठेवलं.

काही आलं नाही. मी जवळ गेले, लांब गेले, वाकून बघितलं. एका बिळाच्या तोंडाशी दोन डोळे दिसले, मी पाऊल उचललं तसे आत गेले. लहान खेकडे इतके भित्रे असतात. सावली हलली तरी नाहीसे होतात.

शेवटी मी वाळूत बसले. हात मांडीवर ठेवले. गप्प बसणं मला जमतं. भरतीचं पाणी एकदा पायांपर्यंत येऊन गेलं. पाठीला रग लागली, नाकावर माशी बसली, मी हलले नाही. अर्धा तास तरी गेला असेल. मग एक खेकडा बाहेर आला, पांढरट, नखाएवढा. थांबला. आणखी थांबला. तिरका धावत पानाशी आला, एक शीत उचललं आणि परत आत.

तेव्हा मला कळलं. काकीच्या त्या बेटावरही खेकडा असाच आला असणार. उभ्या बाईसमोर तो येत नाही. पाण्याला, मिठाला, कोणाच्या चादरीचे कोपरे खोचायला सारखं उठणाऱ्या बाईसमोर तर नाहीच. म्हणजे त्या सोमवारी ती बसली होती. माडाखाली, हात मांडीवर ठेवून, न हलता, चांगला अर्धा तास.

पानात अजून भात होता. दुसऱ्या बिळाच्या तोंडाशी काहीतरी हललं. मी उठले नाही.